समोरच्या क्लबाची रुग्णवाहिका

मित्रांनो, मी एक जुनी रुग्णवाहिका आहे आणि जन्माचीच भित्री आहे. लोकांना वाटतं, मी सायरन रस्ता मागायला वाजवते. त्यात अर्धी माझीच भीती असते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधी व्हॅन होते. मग आत स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचं सिलेंडर बसवून कोलकात्याच्या बेहाला भागातल्या एका क्लबाने मला आणलं. इथे गल्लोगल्ली असे क्लब असतात. तिथली माणसं दुर्गापूजा करतात, कॅरम खेळतात आणि रुग्णवाहिकाही चालवतात. सरकारी गाडी नंबर फिरवल्यावर लांबून येते, मी हाकेच्या अंतरावर असते. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. आता यंत्रांची आणि गाड्यांची पूजा करतात त्या विश्वकर्मा पूजेला हार घालण्यापुरती माझी आठवण होते.

क्लबासमोरच्या घरात वरच्या मजल्यावर हेमंत, त्याची बायको अनुराधा आणि वडील प्रभाकर राहायचे. बँकेतल्या बदलीमुळे आलेली, भिडस्त माणसं. क्लबाची गाडी क्लबवाल्यांचीच, असं ती धरून चालली होती.

एका रविवारी वरून अनुराधाचा आवाज आला.

"अहो, बाबांचं तोंड वाकडं झालंय. त्यांना बोलताच येत नाहीये."

"सरकारी गाडी निघालीये. कोंडीत अडकलीये म्हणतात."

"मग खालची मागूया ना."

"ती क्लबाची आहे. आपण कधी त्यांची पायरी चढलो नाही, आता कसं मागायचं?"

माझा जीव टांगणीला लागला. किल्लीशिवाय मी मुकी. बराच वेळ गेला, तेव्हा कुठे अनुराधा अनवाणीच धावत क्लबात आली. माझा चालक बापीदा कॅरम सोडून उठला.

"पहले क्यों नहीं बोला, बोउदी? गाड़ी तो पूरा मोहल्ला का है."

बोउदी म्हणजे वहिनी. प्रभाकरना खाली आणून माझ्या स्ट्रेचरवर निजवलं, त्याने किल्ली फिरवली आणि मी चालूच होईना. कित्येक दिवसांत कुणी माझी बॅटरी पाहिली नव्हती. आत प्रभाकर नुसते डोळ्यांनी काही सांगू बघत होते. इतकी मी कधीच घाबरले नव्हते. शेवटी क्लबातल्यांनी ढकललं, तेव्हा मी धडधडले.

प्रभाकर वाचले, पण त्यांची वाचा परत आली नाही. आणखी लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. अनुराधाने ते बापीदाला सांगितलं.

हेमंतची बदली झाली. त्या घरात आता नवं बिऱ्हाड आलंय. त्यांची सून गरोदर आहे. ती रोज माझ्या शेजारून जाते, पण मी तिचीही आहे हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझी बॅटरी पुन्हा उतरत चालली आहे. मित्रांनो, मला फार भीती वाटते. तिचे दिवस भरण्याआधी कुणीतरी तिला सांगा.