घोडीचं कण्हणं

फाल्गुन उतरणीला लागला होता. तांबडमाळावर ऊन असं पसरलं होतं, की कुणी हळद वाळत घालावी आणि उचलायला विसरून जावं. पळस पेटून विझले होते. त्यांची करपलेली फुलं वाऱ्याबरोबर खुरडत चालली होती. तहानलेल्या पाखरांसारखी, दिशाहीन.

माळाच्या कडेला, पानं झडलेल्या लिंबाखाली, दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजपुढे ती उभी होती. धूलिधूसर, धूम्रवर्ण, लोहकाय. ट्रेलर ओढणाऱ्या असल्या आखूड पाठीच्या ट्रकला रस्त्यावरची माणसं घोडा म्हणतात. आप्पासो मगदूम मात्र गेली सत्तावीस वर्षं तिला घोडीच म्हणत आले होते.

सत्तावीस वर्षं त्यांनी ती चालवली. मालकी खराड्यांची, हात आप्पांचा. किती घाट, किती नद्या, किती पहाटा तिच्या काचेवर उमटल्या आणि पुसल्या गेल्या. बायको गेली तेव्हाही आप्पा तिच्यातच बसून होते. स्टिअरिंगवर कपाळ टेकून, कुठेही न जाता.

आता तिचे कागद संपले होते. डांबरावर चाक ठेवायची तिला बंदी होती.

"भंगार यार्डवाला दोनदा येऊन गेला, आप्पा," विलासराव खराडे म्हणाले. माणूस वाईट नव्हता; उभ्या गाडीकडे बघायची त्याला सवय नव्हती, एवढंच. "किती दिवस अशी बांधून ठेवायची?"

"माळावर कागद कोण मागतंय, मालक?" आप्पा म्हणाले. "जत्रंत ट्रकांची ओढ असती, वजन ओढायची शर्यत. उतरवू की हिला."

"ही? म्हातारी?"

"मी बी म्हाताराच हाय. मला कुठं घातलं भंगारात?"

खराडे हसले. मग हसू आवरून म्हणाले, "बरं. शंभर पावलं ओढू दे. ओढली, तर ऱ्हाईल. दरसाल माझ्या नावानं उतरंल. न्हाय ओढली, तर दुसऱ्या दिवशी यार्डात. कबूल?"

आप्पांनी मान डोलवली. लिंबाची एक वाळकी काडी त्यांच्या टोपीवर पडली, ती त्यांनी झटकली नाही.

आणि मग ती कापली जाऊ लागली.

ओढीच्या गाडीला ओझं वाहायचं नसतं, ओझं ओढायचं असतं. म्हणून जे जे ओढीच्या कामाचं नाही, ते ते उतरलं. दारं उतरली. टप उतरला. पाठीमागची फळकुटाची झोपायची जागा उतरली, जिथे आप्पांनी अर्धं आयुष्य कुशीवर काढलं. गॅसची निळी जीभ लोखंडाला चाटत जाई, आणि लोखंड लाल आसवं गाळत जमिनीवर पडे. पडे आणि काळं होई. पडे आणि काळं होई.

नाक वर उचललं जाऊ नये म्हणून पुढे काँक्रीटचा ठोकळा बसला. मागच्या टायरांतली थोडी हवा गेली, म्हणजे मातीला घट्ट धरतील. डिझेलच्या पंपाचा स्क्रू मिस्त्रीने असा मोकळा केला, की एका घोटात जिथे ती वाटीभर प्यायची, तिथे तांब्याभर पिऊ लागली. त्याला पुरेल एवढा वारा हवा, म्हणून एका मेलेल्या डंपरचा भला थोरला टर्बो तिच्या छातीशी जडवला. सायलेन्सर काढून तिथे आभाळाकडे तोंड केलेलं उभं नळकांडं लावलं.

आप्पा रोज येत, आणि कापलेला एकेक तुकडा उचलून भिंतीशी नीट लावून ठेवत.

"आप्पा, गाडी हाय ती, लेक न्हवं," दस्तगीर मिस्त्री म्हणाला. त्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे होते आणि डोळे हसरे.

"लेक असती तर अशी कापू दिली असती व्हय रं तुला?"

"मग लेकीला वाचवायला डाक्टर कापत न्हाय का?"

आप्पा गुणगुणू लागले. त्यांची आई जात्यावर बसून बैलांसाठी गायची ती ओवी. आप्पांनी ती घाटासाठी वळवून घेतली होती :

घाटाच्या चढणीला, धाप लागे लोखंडाला,
हळू टाक गं पाऊल, कोण खोळंबे मुक्कामाला.

"हेच, हेच नडणार बघा," मिस्त्री पाना आपटत म्हणाला. "घाटात गाडी कण्हली की तुम्ही पाय उचलताय. एक गिअर खाली घेऊन तिला दम खाऊ देताय. जिंदगीभर हेच केलं. ओढीत दम न्हाय खाऊ द्यायचा. मागचा दगडांचा पाटा एकदा थांबला की डाव संपला. डोळं मिटा, देवाचं नाव घ्या, पर पाय उचलू नका. का तारेनं बांधू पाय?"

"बांध की. माझा बांध आन् तुझं तोंड बी बांध."

दोघं हसले. पण उन्हात ते हसू लगेच वाळलं.

नळकांडं लावल्यावर मिस्त्रीने ती एकदाच सुरू केली. माळ हादरला, टिटव्या उडाल्या. तो आवाज आप्पांच्या ओळखीचा नव्हता. सत्तावीस वर्षं जी घोगऱ्या मायेने बोलली, ती आता दुसऱ्याच कुणाच्या गळ्याने ओरडत होती. आप्पांनी कान दिला, पुन्हा कान दिला. जशी सासरहून बऱ्याच वर्षांनी आलेली लेक उंबऱ्यात उभी राहावी, आणि बापाला तिची बोली उमगू नये.

जत्रेचा दिवस भर दुपारी उभा ठाकला. भंडारा उधळून आभाळ पिवळं झालेलं. ढोलांचा नाद मातीतून तळव्यांत चढणारा.

तांबडमाळाची ओढ निराळीच. लोखंडी पाट्यावर आधी काळे दगड रचतात. पाटा चालू लागला, की दर दहा पावलांना कडेला उभी असलेली दहा माणसं चालत्या पाट्यावर पाय देऊन चढतात. पुन्हा दहा पावलं, पुन्हा दहा माणसं. गाडी जितकी पुढे जाते, तितका गाव तिच्या पाठीवर येतो.

आप्पा चढले. दार नव्हतं, टप नव्हता. उघड्या उन्हात ते एकटेच बसले होते. साखळी ताणली. निशाण पडलं.

आणि घोडी निघाली.

कृष्णधुराचा एक स्तंभ नळकांड्यातून उठला आणि सूर्यावर गेला. वीस पावलं. तीस. माणसं चढत होती, माळ मागे सरत होता. चाळीस. पन्नास. "चल गं बाय माझी, चल!" दस्तगीर मिस्त्री कडेने धावत होता, त्याची एक चप्पल मागेच राहिली होती. साठ. सत्तर. चाकं मातीत नांगरासारखी रुतत होती आणि मातीतून उगवल्यासारखी वर येत होती. ऐंशी. खुर्ची सोडून विलासराव खराडे उभे राहिले. नव्वद. शेवटची दहा माणसं चढली.

तेव्हा ती कण्हली.

खोल, लांब, उरातून. एखादी पोटुशी बाई विहिरीच्या पायऱ्या चढताना कण्हावी तशी. आप्पांच्या मनाने पंजा पेडलवर दाबूनच धरला होता. पण पायाला सत्तावीस वर्षांची शिकवण होती. पाय मनाला विचारायला थांबला नाही.

पाय उचलला गेला.

एका श्वासाएवढाच. पाटा थांबला. धूर विरळ झाला. पंचाने निशाण रोवून पावलं मोजली, आणि भोंग्यातून आवाज आला : "त्र्याण्णव."

खराडे जवळ आले. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि गर्दीत निघून गेले.

दस्तगीर मिस्त्री एका चपलेनिशी धापा टाकत आला. इंजिनाशी वाकला, कान लावला, तेल बघितलं, पाणी बघितलं.

"काय मोडलं तिचं?" आप्पांनी विचारलं.

"काय सुदिक न्हाय."

"कण्हली की रं ती. मी ऐकलं."

"कण्हली न्हाय, आप्पा." मिस्त्रीने हात विजारीला पुसले. "त्यो नवा टर्बो पुरा भरला. जोर आला, की त्याचा आवाज तसाच येतो. तिला दुखत नव्हतं. आत्ता कुठं ती रंगात आलती. सात काय, सतरा पावलं गेली असती." मग जमिनीकडे बघत, "मी तुम्हास्नी त्यो आवाज ऐकवायला पायजे हुता. बिनभाराचा ऐकवला. चुकलं माझं."

आप्पांनी हळूच त्याच्या पाठीवरची माती झाडली. "तुझं कुठलं चुकलं, बाळा. माझ्या कानाला तिचं दुःखच तेवढं ठावं."

दुसऱ्या दिवशी क्रेन येणार होती. आप्पांनी नको म्हटलं. ती धडधाकट होती. तिला उचलून नेण्याची गरज नव्हती.

यार्ड माळाच्या पलीकडच्या अंगाला, बाभळींच्या कुंपणात. त्या दिवशी तिन्हीसांजेच्या आधी आप्पा आणि घोडी कच्च्या वाटेने निघाले. आप्पा तिला चालवत होते की ती आप्पांना नेत होती, कुणास ठाऊक. वाटेत एक चढ आला. छोटासाच. तिथे ती पुन्हा तशीच बोलली. खोल, लांब, उरातून. आप्पांनी पाय उचलला नाही. दाबला. आणि ती उधळली. पाठीवर कसलंच ओझं नसलेली, धुळीचा गेरवा पदर मागे सोडत, पाडसासारखी, वाऱ्यासारखी, त्या एवढ्याशा चढावर. आप्पांच्या गालावर वाऱ्याने दोन ओल्या रेघा मागे ओढत नेल्या.

यार्डात लोखंडाचे ढीग निमूट होते. कुणाचा जबडा, कुणाची बरगडी. कटरवाला म्हणाला, "बंद करा आजोबा, आता सकाळीच बघू."

आप्पांनी इंजिन बंद करायची तार ओढली.

ती एकदा शहारली आणि थांबली. शांतता अशी आली, जशी भरल्या घरात कुणी दिवा मालवावा. मग तापलेलं लोखंड निवू लागलं. टिक. टिक. निवणाऱ्या लोखंडाचा तो बारीक, एकाकी आवाज. आप्पांनी खाली उतरून तिच्या उघड्या छातीशी तळवा टेकवला. टिक. पश्चिमेची लाली गंजात मिसळली. गंज कुठला, संध्या कुठली, कळेना. टिक. बाभळींत अंधार पाखरांसारखा उतरला. आप्पा पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिले. तळव्याखालची ऊब पातळ होत गेली, पातळ होत गेली, आणि माळावरून गार वारा सुटला.