शिवकांताबाईंचा खोकला

मी एक जुना स्पिरिटचा दिवा आहे. पोट काचेचं, वात सुताची. मित्रांनो, बहात्तरच्या दुष्काळात भूमला एका डॉक्टरांनी दवाखाना थाटला आणि मला सोलापूरहून आणलं. माझ्या ज्योतीवर ते काचेच्या नळीत लघवी तापवून पाहत. ती पांढुरली की समजायचं, मूत्रपिंडाला इजा झाली. लोक श्वास रोखून माझ्याकडे बघत.

शिवकांताबाई दूध संस्थेत दूध घालून दवाखान्यात यायच्या. साखरेचा आजार जुना. सत्त्याऐंशी साली त्यांची नळी पहिल्यांदा पांढुरली. डॉक्टरांनी समजावलं, की साखरेनं मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या आहेत. शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, या वाहिन्या आवळणारा पदार्थ बनवतं, आणि त्या विकराला अडवणारी नवी गोळी निघाली आहे. ती त्यांनी पुण्याहून मागवली आणि बजावलं, सोडायची नाही.

नळी हळूहळू निवळू लागली. पण बाईंना कोरडा खोकला जडला. भूमजवळच्या वाशी गावचे पाहुणे लेकीला, मथुरेला, बघायला आले, तेव्हा बाई तोंडाशी पदर धरून खोकतच राहिल्या. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. गावात क्षयाची कुजबुज सुरू झाली. त्यानंतर बाई आल्याच नाहीत.

वर्षभरानं आल्या त्या सुजलेल्या तोंडानं, मथुरेचा आधार घेत. मथुरेच्या गळ्यात आता मंगळसूत्र होतं. माझ्यावर धरलेली नळी दह्यासारखी थिजली. गोळी घेता ना, असं डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी लेकीला पाणी आणायला बाहेर धाडलं.

"एकदा गोळ्या सरल्या अन् खोकला थांबला. मग घेतल्याच न्हाईत. पोरीचं जमत नव्हतं."

खोकला त्या गोळीचाच होता, हे डॉक्टरांना स्वतःला बाई येत नव्हत्या त्या वर्षातच वाचून कळलं होतं. ते हळूच म्हणाले, "तेव्हाच सांगायचं ना. काहीतरी मार्ग काढला असता."

"तुमी सोडू नका म्हणला व्हता. सोडली म्हणून सांगायला कुठल्या तोंडानं यावं?" मग दाराकडं बघत त्या म्हणाल्या, "तिला कळू देऊ नका."

दिवाळीआधी त्या गेल्या. मथुरा दवाखान्यात येऊन विचारू लागली, औषध चालू असताना आई कशी गेली? डॉक्टर मान खाली घालून माझं झाकण पुसत राहिले.

आता लघवी तपासायला कागदी पट्ट्या आल्या. मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, औषधानं त्रास झाला तर लपवू नका. आणि तुमच्यातलं कुणी डॉक्टर झालं, तर गोळी सोडू नका म्हणताना एवढंही म्हणा, की सोडलीत तरी या.