डावी रांग

फळबाग संशोधन केंद्राच्या मागच्या शेतात झाडांच्या दोन रांगा होत्या आणि गेली सात वर्षं तिथल्या संशोधक बाईंचा जीव त्या दोन रांगांत अडकला होता. रोपं लावली त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. त्यामुळे नवरा चारचौघांत सांगायचा, "आम्हाला दोन मुली. थोरली शेतात असते."

प्रकार साधा होता. मुळं कुजवणारा एक रोग जमिनीत दबा धरून बसतो आणि झाड पहिल्यांदा फळ धरतं, त्याच वर्षी त्याला गाठतो. तोवर सगळं हिरवंगार. त्यावर बाईंनी एक औषध तयार केलं होतं. उजव्या रांगेतल्या चाळीस झाडांना ते दर वर्षी मिळे. डाव्या रांगेतल्या चाळिसांना माती तीच, पाणी तेच, औषध मात्र थेंबभरही नाही. पहिल्या फळाच्या हंगामाअखेर दोन्हीकडे किती झाडं तगली ते मोजायचं, की औषधाचा सोक्षमोक्ष लागला. सात वर्षांतले आता तीनच महिने उरले होते.

माळीमामांना मात्र डावी रांग फार जड गेली. तिथली पानं पिवळी पडायला लागली तसे ते म्हणाले, "बाई, एकदाच देऊ या ना. लेकरांत असा दुजाभाव बघवत नाही."

"मामा, हात लावलात तर माझी शपथ आहे."

मामांनी हात लावला नाही. पण त्या रांगेवरून जाताना ते मान खाली घालून जायचे.

आणि नेमके तेव्हाच मंत्री आले. जनतेचा पैसा कुठे जातो ते बघायला, सोबत चार कॅमेरे घेऊन. विज्ञानाशी त्यांचा संबंध एवढाच, की हवं ते खातं न मिळाल्यामुळे हे गळ्यात पडलं होतं.

"ही झाडं अशी का?" डाव्या रांगेपाशी थांबून त्यांनी विचारलं.

"त्यांना औषध दिलेलं नाही, साहेब."

"का? संपलं होतं?"

"नाही. मुद्दाम दिलेलं नाही."

मंत्री कॅमेऱ्यांकडे वळले. "ऐका! सरकारी जमीन, सरकारी पाणी, आणि झाडं मुद्दाम मारतात!"

"अहो साहेब, तुलनेला दुसरी बाजू नको का? नाहीतर फरक औषधानं पडला की हवापाण्यानं, ते कळायचं कसं?"

"तुमच्या मुलीला ताप आला तर औषध न देता बघत बसाल का? औषध चांगलं आहे ना?"

"तेच तर शोधतोय!"

"सात वर्षं? आणि अजून तुम्हाला माहीत नाही?"

"तीन महिने थांबा, छातीठोकपणे सांगते."

"तोवर ही मरतील!"

"मरतात की नाही, तेच मोजायचंय!" बाईंचा आवाज चढला.

"बाई, जरा दमानं," संचालक म्हणाले. या प्रयोगाला त्यांनीच सही करून मंजुरी दिली होती. आता ते स्वतःच्या बुटांचं निरीक्षण करत होते.

मंत्री दुष्ट असते तर एक वेळ परवडलं असतं. पण त्यांना खरोखरच कळवळा आला होता, आणि कळवळा आलेल्या मंत्र्याला कोण आवरणार! "अन्याय झाडावर झाला तरी मी खपवून घेणार नाही," म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या आणि औषधाचा कॅन मागवला. मामांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी संचालकांकडे. "द्या, द्या," संचालक म्हणाले.

पहिल्या तीन झाडांना मंत्र्यांनी स्वतः औषध घातलं. फोटो झाल्यावर उरलेली सदतीस झाडं मामांच्या वाट्याला आली. बाईंनी वहीत तारीख घातली आणि खाली आडवी रेघ मारली.

संध्याकाळी आईला स्वयंपाकघरात रडताना पाहून मुलगी घाबरली.

"काय झालं गं?"

"डाव्या रांगेला आज औषध दिलं."

"मग ती झाडं बरी होतील ना?"

"होतील कदाचित."

"मग रडतेस कशाला?"

सात वर्षांच्या पोरीला हे समजावता येईना, आणि पन्नाशी उलटलेल्या मंत्र्याला तरी कुठे आलं होतं!

चार महिन्यांनी पत्र आलं. औषध गुणकारी असल्याचा कोणताही पुरावा सात वर्षांत सादर न झाल्यामुळे प्रकल्प बंद करण्यात येत आहे. खाली सही त्याच मंत्र्यांची.

पत्र हातात घेऊन बाई शेतात गेल्या. मामा लगबगीनं समोर आले. "बाई, ऐंशीतलं एकही झाड गेलं नाही! लागू पडलं तुमचं औषध!"

"कशावरून, मामा? यंदा पाऊस कमी होता. कमी पावसात हा रोग आपणहूनच हटतो."

"असं कसं? ही उजवीकडची झाडं बघा, आणि ही..."

सात वर्षांच्या सवयीनं मामांचा हात डाव्या रांगेकडे वळला. ती रांगही उजवीइतकीच हिरवी होती. मामांचा हात तसाच हवेत राहिला.