काळ्याचा सूड

मी 'काळा' बोलतोय. माणूस नव्हे, शब्द. तुमच्या जिभेवर राहतो.

तुमच्या मंगळसूत्रातले मणी माझे, बाळाच्या गालावरची तीट माझी, मुलांची पाटी माझी. पण रेशनची साखर दुकानामागून विकली की त्या बाजाराला नाव माझं. कुणाला हाकलायचं झालं तर 'तोंड काळं कर'. हे सगळं मी निमूट सोसलं. एक मात्र सोसलं नाही.

१९५२ साली मुलुंडच्या वनमालाबाई मुलासाठी मुलगी पाहायला घाटकोपरला आल्या. मुलीचं नाव कुंदा. पोहे खाऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, "हात जरा इकडे कर गं." कुंदाच्या हाताशेजारी त्यांनी आपला गोरापान हात ठेवला आणि सगळ्यांदेखत मला तिच्या अंगावर फेकलं. "काळी आहे हो. आमच्या जयवंतला शोभायची नाही."

कुंदा उठून आत गेली. मी वनमालाबाईंच्या जिभेखाली जाऊन बसलो. म्हटलं, आता तुम्हाला सोडत नाही.

जयवंतला गोरी बायको मिळाली. पण नात झाली, अनुपमा, ती थेट माझ्या रंगाची. मी खूश! चारचौघांत बाई 'सावळी' म्हणत, 'उन्हात खेळते ना' म्हणत. मला चुकवता चुकवता त्यांना घाम फुटे.

संक्रांतीला लहान मुलांना काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात. काळ्यात पोर आणखी काळी दिसेल, म्हणून बाईंनी ते दरवर्षी पुढे ढकललं. शेवटी सून हटून बसली, पाचवं सरलं की करता येत नाही म्हणून. मग नातीला घेऊन बाई घाटकोपरला दागिने करणारीकडे गेल्या. ती कुंदाच. बाईंनी इतक्या मुली पाहिल्या होत्या, की त्यांना ती आठवलीच नाही.

"झबलं पांढरं आहे हं," बाई म्हणाल्या.

"अहो, पांढऱ्यावर पांढरा हलवा दिसणार कसा? काळं शिवा."

"काळं नको."

"का?"

मी जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिलो. बाईंनी मला दातांनी अडवून धरलं. अनुपमाच बोलली, "मी काळी आहे ना, म्हणून. आजी आईला सांगत होती."

माझा डाव साधला. पण पोरीचे डोळे भरून आले, आणि घाव भलतीलाच लागल्याचं मला कळलं.

कुंदाने तिच्या मनगटात हलव्याची बांगडी चढवली. हलव्याचा काटा न् काटा उठून दिसला. "बघ, कशी झकास दिसते! काकू, आता तुमचा हात जरा इकडे करा."

तीच बांगडी तिने बाईंच्या मनगटावर धरली. गोऱ्या हातावर ती दिसेचना.

"तुम्हाला नाही हो शोभत," कुंदा म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं. आता ओळखलं. अनुपमा डोळे पुसून हसत सुटली, "आजीला नाही शोभत!"

झबल्याचं कापड बाईंना स्वतःच आणावं लागलं. भर दुकानात त्यांनी मला उच्चारलं, "काळं द्या." चार बायका वळून पाहत होत्या.

मला पाटीवर ठेवा, मण्यांत ओवा, हवं तर त्या बाजारालाही माझंच नाव राहू द्या. पण कुणाच्या लेकीच्या अंगावर मला फेकू नका. फेकणाऱ्याचं घर मी विसरत नाही.