एका स्टुलावरचे दोघे

मी एक जुने स्टूल आहे. बर्चच्या लाकडाचे, चार पायांचे. त्यातला एक पाय बोटभर आखूड. मला घडवणारा माणूस सुतार नव्हता, कारागांदा शहरातल्या कोळसा खाणीतला कामगार होता. एका सुट्टीच्या दिवशी त्याने मला जोडले, आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि "जमलंय, बसा," एवढीच माझी स्तुती केली. मित्रांनो, मला तेवढी पुरली.

त्याला दोन मुले. थोरला ऐबार आणि चार वर्षांनी धाकटी काम्शात. घरात संगणक आला तेव्हा त्याच्यापुढे एकालाच बसता येई, आणि ती जागा म्हणजे मी. दोघांचा आवडता खेळ जादूगार, किल्ले आणि राक्षसांच्या फौजांचा. एकाने आपल्या फौजा हलवायच्या आणि उठायचे, मग दुसऱ्याने बसायचे. ज्याची पाळी नसेल त्याने नकाशा चोरून पाहू नये, म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचे, असा त्यांचा नियम होता. भिंतीवरच्या गालिच्याची नक्षी काम्शातला तोंडपाठ झाली.

"आगा, आटप ना! एवढ्यात घोडी व्याली असती!" ती ओरडे. थोरल्या भावाला ती आगा म्हणे.

"वळलीस तर कान उपटीन!" तो म्हणे, आणि मुद्दाम आणखी वेळ लावी.

पुढे वडील गेले, मुले मोठी झाली. काम्शात एका साप्ताहिकात अशा खेळांची परीक्षणे लिहू लागली. लिहायला बसण्यासाठी तिला फिरती खुर्ची आली आणि मी गॅलरीत गेले. माझ्यावर खारवलेल्या काकड्यांची बरणी आली. वाईट वाटले, पण फार नाही. बरणी निदान चुळबुळ करत नाही. ऐबार भेटायला आला की मात्र मला पुसून आत नेत. तो दुसऱ्या कशावर बसतच नसे.

नोकरी सोडून, चार वर्षे खपून ऐबारने स्वतःचा खेळ तयार केला. पंख असलेल्या घोड्यांच्या फौजा, सात किल्ले आणि पाळीपाळीने लढाई. परीक्षण नेमके काम्शातकडे आले. "माझा सख्खा भाऊ आहे तो," तिने संपादकांना सांगितले. "मग तेच पहिल्या ओळीत लिही," ते म्हणाले. ती पंधरा दिवस खेळली. अंक छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी ऐबार आला आणि माझ्यावर टेकला.

"किती दिलेस?"

"दहापैकी सहा."

"सहा?"

"नकाशा इतका देखणा आहे की लढू नये असं वाटतं. पण पहिल्याच आठवड्यात सात घोडे जमवले की पुढे लढाई उरतच नाही. आणि आगा, दोघांनी एका जागी बसून खेळायची सोयच नाही. तुझ्या खेळात! तू कसा विसरलास?"

काम्शातने दुधाचा चहा ओतायला घेतला. आमच्याकडे पाहुण्याला वाडगा अर्धाच भरून देतात. तो पुन्हा पुन्हा भरता यावा, माणूस बसून राहावा म्हणून. काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे पी आणि नीघ. काम्शातचे चित्त परीक्षणात होते. तिने वाडगा काठोकाठ भरला.

त्याने वाडग्याकडे पाहिले. "बरं," म्हणाला आणि चहाला तोंड न लावता गेला. वाडगा उचलताना तिच्या बोटांवर चहा सांडला, तेव्हा कुठे तिला आपली चूक कळली. ती जिन्यापर्यंत धावली. तो निघून गेला होता.

परीक्षण छापून आले. दोन महिने फोन नाही. ती फोन उचले आणि ठेवून देई. खेळात कुणाची पाळी ते पडद्यावर दिसते. इथे दोघेही भिंतीकडे तोंड करून बसले होते.

एका बर्फाच्या सकाळी तिने बरणी खाली ठेवली, मला काखोटीला मारले आणि बस पकडली.

"काय गं पोरी," एक म्हातारी म्हणाली, "बसायला मिळत नाही म्हणून जागा घरून आणलीस?"

"भावाची आहे, आपा. द्यायला चाललेय." म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे आपा म्हणतात.

ऐबारने दार उघडले. तिने मला त्याच्या संगणकापुढे ठेवले आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसली.

"तुझी पाळी," ती म्हणाली. "मी वाडगा चुकून भरला होता, आगा. सहा मात्र चुकून दिलेले नाहीत."

तो स्वयंपाकघरात गेला, परत आला आणि तिच्या शेजारी वाडगा ठेवला. अर्धा भरलेला. नंतर माझ्यावर बसला. त्याचे वजन वाढले होते. मी करकरले.

"वळू?" तिने विचारले.

"थांब. दोघांची सोय करायला वेळ लागेल. चहा पी."

उन्हाळ्यापर्यंत वेळ लागला. सहाचे सात झाले नाहीत. मी आता ऐबारकडेच असते. पुठ्ठ्याची घडी झिजली आहे आणि मी डुगडुगते. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या स्टुलाचा पाय हलत असेल तर त्याला फेकू नका, खिळा मारा. कुणीतरी रागावून उठून गेलेले असते, आणि ते परत आले की त्याला त्याचीच जागा लागते.