पडद्याबाहेरचे मधुकाका

टिटवाळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्या रविवारी दीडशे माणसं बसली होती आणि पंखे चारच होते. समोरच्या पडद्यावर तेजोनाथ महाराजांच्या प्रवचनाचा व्हिडिओ चालू होता. महाराज मधोमध आसनावर आणि अगदी डाव्या कडेला, डोक्यावरून पांढरं उपरणं घेतलेला एक माणूस उभा. त्याच्या चेहऱ्यावर इतका उजेड, की नाक-डोळे कळत नव्हते.

"ज्यांचं कोणी गेलंय त्यांनी नीट बघा," महाराजांचा शिष्य साईनाथ माईकवर सांगत होता. "महाराज बोलायला लागले की ते येऊन उभे राहतात. मन म्हणजे रिसिव्हर. रिसिव्हर स्वच्छ, तर दर्शन फुल एचडी."

पुढच्या रांगेतल्या रमाबाईंना त्या माणसात सासरे दिसले. मागच्या एका बाईंना मुलगा. माझ्या शेजारी बसलेल्या गोदाकाकूंनी माझा हात धरला. "क्षिप्रा, हे आहेत गं. असेच खांदा पाडून उभे राहायचे."

त्यांच्या यजमानांना, मधुकाकांना, जाऊन आठ महिने झाले होते. एकाच माणसात तिघींना तीन माणसं कशी दिसली, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. पण आठवडाभर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात मान मोडून काम केल्यावर रविवारी वाद घालायची ताकद उरत नाही. मी गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

मग साईनाथ पेन ड्राइव्ह घेऊन घरोघर फिरला आणि लोकांच्या कंप्युटरवर स्वतः व्हिडिओ टाकून देऊ लागला. रमाबाईंच्या नव्या, रुंद स्क्रीनवर तो माणूस दिसला. गोदाकाकूंचा मॉनिटर जुना, चौकोनी. त्यावर महाराज स्क्रीनभर मोठे दिसले, पण बाजूला कोणीच नाही.

"काकू, तुमच्या मनात किंतू आहे," साईनाथ म्हणाला. "एकवीस दिवस महाराजांच्या मठात सेवा करा. एक वेळ जेवा. आणि सगळा भरवसा गोळ्यांवर ठेवलात, तर महाराजांसाठी काय उरणार?"

सदुसष्ट वर्षांच्या काकू रोज मठात जाऊन भाज्या चिरू लागल्या, फरशी पुसू लागल्या. बाराव्या दिवशी त्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या. वॉचमनने आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. ब्लड प्रेशर बघून डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी मी यांच्यावर चिडले होते गं. रिक्षात बसायला वेळ लावत होते म्हणून. म्हणून माझ्याकडे येत नसतील."

तेव्हा मात्र मी तो कंप्युटर उघडून बसले. वेगवेगळ्या स्क्रीनवर व्हिडिओ बसवणं हेच माझं रोजचं काम. दोन मिनिटांत कळलं, पण काकू काही ऐकून घेईनात; एकवीस दिवस पुरे करायचेच म्हणून मठात जातच राहिल्या.

एकवीस दिवस भरल्यावर साईनाथ मंत्र म्हणून कंप्युटरची 'यंत्रशुद्धी' करायला काकूंच्या घरी आला. रमाबाई आणि आणखी चार-पाच बायका बघायला आल्या होत्या. त्याने डोळे मिटले, पुटपुटायला सुरुवात केली आणि उजवा हात कीबोर्डकडे नेला.

"मंत्र म्हणा," मी म्हटलं, "पण कीबोर्डला हात नको."

"ताई, स्पर्शाशिवाय शुद्धी होत नाही."

"मग मी करते स्पर्श." मी बटण दाबलं. महाराज जरा लहान झाले, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि डाव्या कडेला तो माणूस उभा राहिला.

काकू स्क्रीनच्या अगदी जवळ सरकल्या. रमाबाईंनी हात जोडले.

"बघा," साईनाथ लगेच म्हणाला, "ताईंवरही कृपा झाली."

मला हसावं की रडावं कळेना. मी रमाबाईंना खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं, काकूंना डावीकडे स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि मोबाइल आडवा धरून व्हिडिओ काढला. सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं करून तो त्याच मॉनिटरवर लावला. रमाबाई मोठ्या दिसल्या. काकू नाहीत.

"मी कुठे गेले?" काकू म्हणाल्या.

बटण दाबलं. त्या दारात उभ्या.

"काकू तर जिवंत आहेत," मी म्हटलं. "त्या कोणाच्या पापामुळे गायब झाल्या?"

मग मी समजावून सांगितलं. व्हिडिओ रुंद, मॉनिटर चौकोनी. पूर्ण चित्र बसवायचं तर ते लहान करावं लागतं आणि वर-खाली जागा रिकामी राहते. ती जागा भरायची असेल तर चित्र मोठं होतं आणि दोन्ही कडा कापल्या जातात, जवळजवळ एक तृतीयांश चित्र. रमाबाईंचा स्क्रीन व्हिडिओइतकाच रुंद, तिथे कापायला काही नव्हतंच. इथे कडा कापायचं सेटिंग साईनाथने स्वतः केलं होतं. मग मी चित्र थांबवून कडेचा माणूस मोठा केला. त्याच्या हातात स्टेजच्या पडद्याची दोरी होती; तो पडदा ओढणारा माणूस होता.

"श्रद्धा नसेल तिथे मी थांबत नाही," म्हणत साईनाथने चपला घातल्या. रमाबाई त्याच्या मागोमाग गेल्या. पुढच्या रविवारी त्या मठातच होत्या.

बाकीच्या पांगल्यावर काकूंनी विचारलं, "म्हणजे हे आलेच नव्हते."

"नाही, काकू."

"माझ्यावर रागावून येत नव्हते, असंही नाही."

"नाही."

त्या बराच वेळ रडल्या. मी शेजारी बसून राहिले. मला खूप थकल्यासारखं झालं होतं. त्यांचा नवरा मी दुसऱ्यांदा हिरावून घेतला, असं वाटत होतं. शेवटी त्यांनी पाणी मागितलं आणि गोळी घेतली.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी चौकोनी मॉनिटर असलेल्या आणखी दोन घरी गेलो. एकीने दार उघडलं नाही. दुसरीकडे काकूंनीच बटण दाबलं आणि त्या बाईंना म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही, बाई. चित्र अर्धवट दाखवलंय."

इतरांना दिसतं ते तुम्हाला दिसत नाही, कारण तुमच्यातच खोट आहे, असं कोणी सांगितलं तर लगेच मान खाली घालू नका. काय दाखवलंय आणि काय कापलंय ते विचारा. दुसऱ्या पडद्यावर लावून बघा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.