चंदाबाईंच्या बलिया

चंदाबाईंच्या दंडावरच्या दोन बांगड्यांच्या फटीत कातडी पांढरी पडली होती, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखी. तिच्या कडेने बारीक लाल रेघ होती. निलोफरने भिंग फिरवून ती रेघ स्पष्ट केली आणि चिडून कॅमेरा खाली घेतला. रेघ फोटोत येणार होती.

सकाळपासून काही धड होत नव्हतं. बंजाऱ्यांच्या तांड्यामागे मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता. गुलाबसिंग बायकोशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते आणि हलायचं नाव घेत नव्हते. चंदाबाईंच्या कोपरापासून खांद्यापर्यंत चढलेल्या पांढऱ्या बांगड्या, म्हणजे बलिया, तेवढ्या तशाच होत्या. दारव्ह्याच्या आसपासच्या तांड्यांत त्या घालणारी दुसरी बाई निलोफरला सापडली नव्हती. कच्छच्या सरहद्दीवरच्या तारेच्या कुंपणापासून सुरू झालेलं तिचं वीस वर्षांचं फोटोंचं पुस्तक या एका फोटोवर संपायचं होतं, आणि तोच मनासारखा येत नव्हता. दर हिवाळ्यात ती चंदाबाईंना सांगायची, पुढच्या वर्षीपर्यंत असंच राहू द्या. प्रकाशकालाही थांबायला सांगायची.

"हात जरा वर घ्या, मावशी."

चंदाबाईंनी हात उचलला आणि ओठ घट्ट मिटले.

सून बबिता चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, डॉक्टरांनी बलिया कापायला सांगितल्याला दोन वर्षं झाली. निलोफरने गुलाबसिंगांकडे पाहिलं. नवरा जिवंत असेपर्यंत बाई बलिया उतरवत नाही, हे तिनेच एका लेखात लिहिलं होतं.

"मायाकडे कायले पाह्यतं, बेटी?" गुलाबसिंग म्हणाले. "म्या तं तवाच काप म्हनलं. त्यानं मी का मरून राह्यलो? हे म्हन्ते, फोटोवाली पोरगी येते, तिले काय दाखवू?"

चंदाबाई हसल्या. हात अजून वरच होता.

"एवढ्या दुरून येतं तू. झाला का वं आता?"

निलोफरने मघाचा फोटो पडद्यावर मोठा केला. टॉवर कडेला जेमतेम दिसत होता. उद्या सकाळच्या उजेडात आणखी एकदा, हे शब्द तिच्या ओठांशी आले. तिने कॅमेरा बंद केला, पुढे होऊन चंदाबाईंचा हात हळूच खाली घेतला.

"कापून टाका, मावशी," ती म्हणाली. "मी आता फोटोसाठी येणार नाही."